सुवासिक भारंगीच्या शोधात

ज्यांना औषधी वनस्पतींच्या संशोधन-मोहिमेवर जाण्याची हौस आहे, त्यांनी हे वर्णन जरूर वाचावं आणि मग गुपचूप घरी बसावं. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. कल्याणला राहते. एक गुडघा कामातून गेला आहे. एवढं असूनही गेल्या हिवाळ्यात मी शहापूर-मुरबाडच्या डोंगरात एक झाड शोधत फिरले, जे मुळात नव्हतंच. ते नसणार याची मला निघण्याआधीच खात्री होती. तरी गेले, ती केतकीसाठी.

केतकी माझी जुनी विद्यार्थिनी. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून ती मुंबईच्या एका संस्थेत पीएचडी करायला गेली. विषय असा, की फ्लूच्या विषाणूला रोखणारं काही आपल्या औषधी झाडांत सापडतं का. मुळं, पानं, साली आणायच्या, त्यांचा अर्क काढायचा, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर विषाणू सोडायचा, आणि अर्कामुळे पेशी वाचतात का ते बघायचं. बहुतेक वेळा पेशी मरतात. बरीच वर्षं त्या मरत राहिल्या आणि केतकी सुकत राहिली. मग एका उन्हाळ्यात मुरबाडकडच्या, गावोगाव दम्यावर देतात त्या भारंगीच्या मुळांचं चूर्ण आलं आणि पेशी चक्क जगल्या. वर त्या अर्कात शिकिमिक आम्ल निघालं. फ्लूवरचं जे प्रसिद्ध औषध आहे, ते बनवायला हेच आम्ल लागतं. केतकीच्या मार्गदर्शकांना संस्थेत सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सरांना आकाश ठेंगणं झालं. संस्थेच्या दारात भारंगीचा फलक लागला. त्यात झाड लहान होतं आणि सर मोठे होते.

पुढे ते चूर्ण संपलं. रिकामी बाटलीसुद्धा कुणीतरी कर्तव्यदक्ष माणसाने धुऊन ठेवली. पावसाळ्यानंतर दुसरीकडून मुळं मागवली, संस्थेतच दळली, तर त्यात काही म्हणजे काही नाही. पेशी पुन्हा मेल्या. फरक एकच दिसत होता. पहिल्या चूर्णाला मंद, गोडसर सुवास होता, दुसऱ्याला नव्हता. यावरून सरांनी ठरवून टाकलं, की मुरबाडच्या डोंगरावर भारंगीची एक वेगळी, सुवासिक जात आहे. ती शोधायची, तिला नाव द्यायचं, आणि ती वेगळी असल्याच्या दाखल्यावर सही करायला एक वनस्पतिशास्त्रवाला धरून न्यायचा.

"मॅडम, तुम्हीच चला," केतकी फोनवर म्हणाली.

"अगं, भारंगीच्या मुळाला वास नसतो."

"त्या चूर्णाला होता. मी स्वतः घेतलाय." मग म्हणाली, "ती जात सापडली नाही तर माझा प्रबंध गेला, मॅडम. उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपतेय. माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये."

तिचा आवाज ऐकून मी गुडघ्याचा पट्टा शोधायला लागले.

शहापूर

शहापुरात आम्ही मिसळ खाल्ली. मिसळ बरी होती. सर बरे नव्हते, म्हणजे त्यांचा वेष. डोक्यावर जंगलातली टोपी, अंगात असंख्य खिशांचं जाकीट, गळ्यात भिंग. समोर पंचायत समितीत दाखल्यांसाठी आलेली माणसं, बाजारातल्या भाजीवाल्या, कॉलेजची मुलं, सगळी आपापल्या कामात, आणि मधोमध हे आफ्रिकेला निघालेले. मिसळीत शेव कमी पडली म्हणून त्यांनी पोऱ्याला औषधी वनस्पतींच्या ऱ्हासावर ऐकवलं. त्या दोन गोष्टींचा संबंध मला अजून लागलेला नाही.

तिथे आम्हाला विलासराव भेटले. हे भातसा धरणावर नोकरीला आणि फावल्या वेळात सरांच्या मोहिमेचे 'स्थानिक समन्वयक'. पहिलं चूर्ण यांनीच पाठवलं होतं. तेव्हा संस्थेचं दळणयंत्र बिघडलेलं होतं म्हणून सरांनी मुळं न मागवता चूर्णच मागवलं होतं.

"सदर चूर्ण माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली तयार करण्यात आलेलं आहे," विलासराव म्हणाले. सरकारी पत्र वाचावं तसंच ते बोलतात, चहा मागतानासुद्धा.

"बघितलंत, मॅडम? याला म्हणतात शिस्त," सर मला म्हणाले.

मुरबाडच्या वाटेवर मी जाहिराती वाचत बसले. 'निसर्गाच्या कुशीत', 'सह्याद्रीच्या मांडीवर', 'हिरवाईच्या मिठीत'. निसर्गाचा एकही अवयव या फार्महाऊसवाल्यांनी विकायचा ठेवलेला नाही. भिंती घातलेल्या त्या प्लॉटांत विदेशी ताड उभे आणि बाहेर बांधावर भारंगी, कुडा, निर्गुडी धूळ खात पडलेली. ताडांना रोज पाणी मिळत असावं, कारण ते फार टवटवीत दिसत होते.

मुरबाडच्या पुढची वाडी

वाडी अगदी डोंगराच्या पायथ्याशी आहे. भात कापून झालेलं, मोकळ्या शेतांत वाल लावलेला, अंगणात पेंढ्याच्या उडव्या. पहिल्या वेळी मुळं खणून दिली ती मंजीबाई दारातच बसली होती. पन्नाशीची, काटक, पानाने तोंड रंगलेलं. ती पावसाळ्यात मुरबाडच्या बाजारात रानभाज्या विकते आणि एरवी मिळेल त्या कामाला जाते. आम्हाला बघून ती उठली नाही, बसल्या जागेवरून विलासरावांना म्हणाली,

"परत आलांव? येवडी मुळं सपली? कोनाला दमा लागलाय येवडा?"

सरांनी तिला विषाणू म्हणजे काय ते समजावलं. हातवारे करून समजावलं. विषाणूचे काटे दाखवायला दोन्ही हातांची बोटं फाकवली. मंजीबाईने सगळं शांतपणे ऐकलं आणि कोयता-पहार घेऊन चालू लागली.

बांधालाच भारंगी होती. पानं थोडी करपलेली, पण ओळखू येण्यासारखी. तिने मूळ उकरून काढलं. सरांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. मग दुसरं मूळ. मग तिसरं. गुडघ्यांवर बसून मुळं हुंगणारा माणूस बघायला वाडीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या आणि एक कोंबडीही आली.

"वास येत नाही," सर म्हणाले.

"मुळाला वास कसला? मातीचा येल तेवडा," मंजीबाई म्हणाली.

"नाही. एक सुवासिक भारंगी असते. नीट आठवून सांगा."

मंजीबाईने सरांकडे बघितलं, त्यांच्या टोपीकडे बघितलं, आमच्या जीपकडे बघितलं. "मंग आसंल," ती म्हणाली. "वरल्या अंगाला आसंल."

वरचं अंग म्हणजे सरळ चढ. तो मी कसा चढले हे माझा गुडघा सांगेल, मी सांगत नाही. केतकीने माझा दंड धरला होता. चढताना ती मध्येच म्हणाली, "सापडेल ना, मॅडम?" मला खोटं बोलवेना, म्हणून मी धाप लागल्याचं नाटक केलं. नाटकही फारसं करावं लागलं नाही.

वर एका झुडपाशी मंजीबाई थांबली. पानं चुरगाळून तिने सरांच्या नाकाशी धरली. "हा घ्या."

घमघमाट सुटला. सरांचा चेहरा असा उजळला, की विलासरावांनी लगेच फोटो काढला. सर, हातात झुडूप, मागे सह्याद्री.

"ही रानतुळस आहे," मी म्हणाले.

"खात्री आहे?"

"सर, ही शाळेतल्या मुलांनाही ओळखता येते."

मंजीबाईला जराही ओशाळवाणं वाटलं नाही. "तुमाला वास पायजे व्हता ना?" ती म्हणाली आणि उतरायला लागली. मला तिचा राग आला आणि तितकंच हसूही. संस्थेतली मंडळी सरांशी अशीच वागतात, फक्त त्यांना पगार मिळतो.

खाली तिच्याकडे जेवलो. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, भाजलेलं सुकट. आमच्या कल्याणात 'चहा घेणार का?' असं विचारण्याची एक रीत आहे, की समोरचा आपोआप 'नको' म्हणतो. मंजीबाईने काही विचारलंच नाही, ताटल्या समोर आपटल्या. सर सुकटाच्या वासाने बाहेर जाऊन उभे राहिले. सकाळपासून वास शोधत फिरणारा माणूस आयत्या मिळालेल्या वासाला पळाला.

जेवण झाल्यावर त्यांनी मला जीपजवळ बोलावलं आणि बॉनेटवर एक छापील कागद पसरला. भारंगीच्या नव्या जातीचा दाखला. लॅटिन नावात सुगंधही होता आणि सरांचं आडनावही होतं. फक्त झाड नव्हतं.

"आज नाही तर उद्या मिळेलच. तुम्ही सही करून ठेवा," ते म्हणाले. "या मुलीचा प्रबंध त्यावर अडलाय."

केतकी थोड्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, आणि तिला काय वाटतंय ते मला कळत होतं. मी सही करावी असंच तिला वाटत होतं. मी म्हणाले, "झाड बघितल्यावर करते," आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्या दुपारी मला स्वतःचा फार कंटाळा आला.

भातसानगर

संध्याकाळी विलासरावांच्या क्वार्टरमध्ये जेवायचं निमंत्रण होतं. धरणाची वसाहत नीटनेटकी आहे, झाडं मोठी आहेत, शांत आहे. इथलं पाणी मुंबईला जातं आणि मुंबई अंघोळीला दोनदा नळ सोडते. येताना रस्त्याकडेच्या एका पाड्यावर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या दिसल्या होत्या. सरांनी त्यांचाही फोटो काढला होता, 'ग्रामीण जीवन' म्हणून.

विलासरावांच्या पत्नी सुमनताई याच तालुक्यातल्या. उंच, ठसठशीत, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी कोंबडीचा रस्सा केला होता. रंग झकास, तवंग झकास. मी पहिला घास घेतला आणि थांबले. रस्सा कडू होता. करपल्याचा कडूपणा नव्हे, वेगळाच, घशात मागे जाऊन बसणारा. मला वाटलं प्रवासाने माझ्या तोंडाची चव गेली. केतकीकडे बघितलं, तर तीही घास तोंडात घोळवत होती.

"वा! घरचा मसाला!" सर म्हणाले.

सुमनताईंनी पळी खाली ठेवली. "कडू लागतोय ना?"

"छे, छे."

"खोटा बोलू नका. कडूच हाय. आख्ख्या वर्साचा मसाला कडू झालाय माझा. नि तो तुमच्यापायी!"

"सुमन, सदर विषय आत्ता नको," विलासराव म्हणाले.

"का नको? आलेत तर सांगते ना." त्यांनी पदर खोचला. "उनाळ्यात मी शापूरला कांडपावर गेलते मसाला कुटायला. तर हे म्हंगाले, जातेच हायेस तर एवडी मुळांची गोणी पन कुटून आन."

सरांचा हात ताटात थांबला. "म्हणजे... ते चूर्ण मसाल्याच्या गिरणीत केलं?"

विलासराव ताटाकडे बघत होते. त्यांची प्रत्यक्ष देखरेख म्हणजे ती गोणी बायकोच्या रिक्षात चढवण्यापुरती होती.

"मंग, घरी कोन कुटनार?" सुमनताई म्हणाल्या. "मे मैन्यात कांडपावर ही गर्दी आसते. कांडपवाला म्हंगाला, आदी गरम मसाला टाका, मिरच्या शेवटाला, नायतर तिखट सगल्याला लागतं. म्हनून आदी मसाला कुटला, मदी तुमची मुळं, नि मागून माझ्या मिरच्या."

"मधे उखळी पुसून घेतली असेल ना?" मी विचारलं. मी विचारलं खरं, पण उत्तर माझ्या पोटात आधीच उतरलं होतं.

"आवो मॅडम, मुठभर मीठ टाकून पुसतात, पन ते खायच्या वस्तूच्या आदी. मुळं काय आपन खानार व्हतो? मसाला खाली राहिला तो राहिला, म्हनलं जाऊदे मुळांत. नि मिरच्यांच्या येळेला गडबडीत मीठ टाकायची ऱ्हायलीच. तुमची मुळं गेली ममईला, कडूपना ऱ्हायला माझ्या मिरच्यांत!"

"गरम मसाल्यात काय काय होतं, ताई?" हे केतकीने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"नेमीचाच. धने, लवंग, दालचिनी, दगडफूल, नि बाद्यान. बाद्यान मी जास्तच घालते. मला त्याचा गोड वास लय आवडतो."

बाद्यान म्हणजे चक्रीफूल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की फ्लूच्या औषधाला लागणारं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातूनच काढतात. हे मला माहीत होतं, केतकीला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. सह्याद्रीतल्या सुवासिक भारंगीचा गोडसर सुवास, पेशींना वाचवणारी तिची जादू, संस्थेच्या दारातला तो फलक, हे सगळं सुमनताईंच्या मसाल्यातून आलं होतं. उखळीच्या तळाशी उरलेल्या मसाल्यावर आमच्या देशाचं संशोधन उभं होतं.

मला हसू फुटलं, आवरेचना. केतकीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. तेव्हा मी गप्प झाले.

सरांनी हात धुतले आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. काही वेळाने ते म्हणाले, की मसाला आणि भारंगी यांचा संयुक्त परिणाम असू शकतो. मग म्हणाले, की हे घरगुती बोलणं आहे, याला शास्त्रीय आधार नाही, कोण कधी कुठे काय कुटून आलं याची नोंद कुठे आहे? शेवटी त्यांनी खिशातून तो दाखला पुन्हा काढला. खिसे बरेच असल्यामुळे त्यांना थोडं शोधावं लागलं.

"सही करा, मॅडम. निदान या मुलीचं वाटोळं तरी करू नका."

मी चिडले. इतकी चिडले की माझा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला असणार. "तिचं वाटोळं तुम्ही करताय," मी म्हणाले. "उद्या हा दाखला बघून कुणी दुसरा पुढचं काम करेल, त्याचंही कराल." कागदाच्या चार घड्या घालून मी तो त्यांच्या जाकिटाच्या एका खिशात खुपसला.

आत केतकी सुमनताईंना म्हणत होती, "ताई, तो मसाला थोडा द्याल?"

"कडू मसाला? समदाच ने गो. माझी ब्याद जाईल."

आटगाव

सकाळी विलासरावांनी आम्हा दोघींना आटगाव स्टेशनवर सोडलं. सर जीपने परस्पर गेले, त्यांना मीटिंग होती. गाडीला वेळ होता. बाकावर आम्ही दोघी, केतकीच्या मांडीवर मसाल्याची बरणी. झाकण घट्ट होतं तरी वास येत होता. तो वास खरोखरच छान होता.

"मॅडम, तुम्ही सही केली असतीत ना, तर मी गप्प बसले असते," ती म्हणाली. "खरं सांगते."

"माहीत आहे मला."

"राग नाही आला?"

"काल दुपारी आला होता," मी म्हणाले. "आज नाही."

"सर मला ठेवणार नाहीत," ती म्हणाली. "आणि घरी काय सांगू? मसाल्यावर पीएचडी करत होते?" मग तिने बरणी पिशवीत घातली आणि पिशवीची गाठ मारली. "पण हे तपासून बघणार. मीच सांगणार, त्यांनी काही सांगायच्या आधी."

तिने तसंच केलं. बरणीतल्या मसाल्यात शिकिमिक आम्ल निघालं. बाजारातून आणलेलं साधं बाद्यानही तपासलं, त्यात तर निघणारच होतं. संस्थेच्या बैठकीत तिने उभं राहून सगळं सांगितलं, शहापूरच्या कांडपासकट. काही लोक हसले. सर हसले नाहीत, त्यांनी तिला आपल्या गटातून काढलं. दारातला फलक रंगकामासाठी उतरवला आणि तो परत लागला नाही. शिष्यवृत्ती संपली. आता ती दुसऱ्या, लहानशा प्रयोगशाळेत काम करते, सकाळी एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, आणि प्रबंध नव्याने सुरू केला आहे. भारंगी मात्र तिने सोडली नाही. मी तिला वेडी म्हणाले, तिने ते मान्य केलं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. मागून ठाक ठाक असा आवाज येत होता.

"कुठे आहेस?"

"भातसानगरला. सुमनताईंच्या ओट्यावर. मंजीबाईंकडून मुळं आणली. नवा खलबत्ता घेतलाय, त्यात कुटतेय."

मागून सुमनताई ओरडल्या, "माझ्या मसाल्याजवल बसू नको गो, लांब हो!"

"मॅडम, आत्ताच वास घेतला," केतकी म्हणाली. ती दमली होती, पण आवाज आनंदाने भरलेला होता. "काही नाही. नुसता मातीचा येतोय."

मला फार बरं वाटलं. तरी विचारलं, "आणि या खेपेला पेशी जगल्या नाहीत तर?"

"तर तसं लिहीन," ती म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली.